मास्तरांचे बल्ब सरकारजमा होतात

घराघरांतले तारेचे पिवळे बल्ब काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी कमी वीज खाणारे नवे पांढरे दिवे लावावेत, असा सरकारी हुकूम निघाला. त्या अख्ख्या इमारतीत तो मनावर घेणारा एकच माणूस निघाला. बाकीच्यांनी सरकारी हुकमाचं जे करायचं असतं तेच केलं, म्हणजे ‘बघू’ म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, “मुदत वाढणार.” तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, “वाढणार काय, वाढवावीच लागेल.” तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर मात्र लगेच कामाला लागले. त्यांनी माळ्यावरून स्टूल काढलं.

मास्तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. हा विषय बिचारा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. मुलं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात आणि तपासणारे त्याचे पेपर चहा थंड होण्याच्या आत तपासून टाकतात. पण मास्तरांचा त्यावर जीव होता. बोलता बोलता ते कलमं आणि पोटकलमं सांगत, आणि शर्टाच्या शेवटच्या दोन बटणांना त्यांचं पोट कायम ताण देत असे. त्यामुळे मुलांनी त्यांना ‘पोटकलम’ हे नाव ठेवलं होतं. मास्तरांना ते ठाऊक होतं. त्यातल्या कायद्याच्या अर्ध्या भागाचा त्यांना अभिमानच होता.

‘नागरिकांची कर्तव्ये’ हा धडा शिकवताना मात्र मास्तरांना दरवर्षी एक खंत वाटायची. देशाचं रक्षण करावं, तर त्यासाठी आधी कोणीतरी आक्रमण करायला हवं आणि ते मास्तरांच्या हातात नव्हतं. सार्वजनिक मालमत्ता सांभाळावी, तर ती घरापासून लांब. रविवारी सकाळी, आंघोळ झाल्यावर, स्वतःच्या हातांनी पार पाडता येईल असं एकही कर्तव्य सरकारने आजवर दिलं नव्हतं. आणि आता हे आलं! नुसतं स्टुलावर चढायचं की कर्तव्य हाताला लागत होतं.

“अहो, आधी नवे आणा, मग जुने काढा,” बायको म्हणाली. ती घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासत असे. सध्या तिच्या टेबलावर एका जाडजूड शब्दकोशाचा गठ्ठा होता. आठवडाअखेर तो छापखान्यात पोचवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि या शब्दकोशासाठी तिने छापखान्याच्या मालकांना कितीतरी दिवस पटवलं होतं.

“अगं, शंका काढत बसलं की कर्तव्य राहून जातं,” स्टुलावरून मास्तर म्हणाले.

“शंका नाही हो, अंधार पडेल इतकंच म्हणतेय.”

मास्तरांनी घरातला एकूण एक बल्ब काढला. मोरीतला काढला, आईच्या खोलीतला काढला. फ्रिज उघडून आतला चिमुकला बल्बसुद्धा काढला, कारण तोही तारेचाच होता आणि कायद्यापुढे लहान-मोठं काही नसतं. मग सगळे बल्ब पोत्यात भरून ते खाली अंगणात गेले. इमारतीतली माणसं जमली होती. मास्तरांनी वीज आणि राष्ट्र या विषयावर थोडक्यात बोलायचं ठरवलं होतं. ते थोडक्यात झालं नाही. शेवटी त्यांनी हातोडी उचलली आणि पोत्यावर हाणली. आतून ‘फट्’ असा सुरेख आवाज आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मास्तरांनी पुन्हा हाणली. ‘फट्, फट्’ करत कर्तव्य पार पडलं. बँक मॅनेजरांनी पुढे होऊन हात मिळवला आणि म्हणाले, “असा माणूस आमच्या शाखेत एकही नव्हता.” मास्तरांना हे कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर नवे दिवे आणायला निघाले. तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की नवा दिवा बाजारात औषधालाही शिल्लक नव्हता. आला होता तेवढा माल मोठ्या दुकानांनी आणि हॉटेलांनी उचलला होता. दिवे मिळत होते ते फक्त विभागीय वीज कार्यालयात. मास्तरांना उलट बरंच वाटलं. सरकारचं काम सरकारच्याच हातून झालेलं चांगलं.

कार्यालयाच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्याच्यापुढे एक लाकडी पाटी, पाटीवर एक होल्डर आणि एक बटण.

“जुना बल्ब?” कारकून म्हणाला.

“फोडले.”

“फोडले म्हणजे?”

“म्हणजे नष्ट केले. सगळ्यांसमक्ष. कायद्याच्या भावनेला अनुसरून.”

“इथे भावना घेत नाहीत,” कारकून म्हणाला, “बल्ब घेतात. एक जुना द्यायचा, एक नवा न्यायचा. या होल्डरमध्ये लावणार, पेटला तर घेणार.”

“पण जुना बंद करायचा हाच तर सरकारचा उद्देश ना? मग तो पेटला कशाला पाहिजे?”

“गेलेला बल्ब वीज खातो का?”

“नाही.”

“मग तो घेऊन सरकारने वाचवलं काय?”

 युक्तिवाद बिनतोड होता. वर्गात एखाद्या मुलाने तो केला असता, तर मास्तरांनी त्याला उभं करून शाबासकी दिली असती. त्यांनी पिशवीतून काचांचं पोतं काढून दाखवलं, पाहिजे तर आतली पितळी बुडं मोजून घ्या म्हणाले. कारकुनाने बोट उचलून मागच्या माणसाला बोलावलं. मागे माणूस नव्हता. तरी त्याने बोट तसंच ठेवलं.

संध्याकाळ झाली आणि मास्तरांच्या घरात पुन्हा अंधार शिरला. टीव्ही चालू होता, त्याच्या उजेडात जेवणं झाली. पडद्यावर दिवसाचा प्रसंग असला की ताट दिसे, तळघरातली मारामारी लागली की घास चाचपडत घ्यावा लागे. आईने फ्रिज उघडून बघितला. आतही अंधार.

“अरे, एवढा तरी ठेवायचास,” आई म्हणाली. “तुझे वडील वकील होते, त्यांनासुद्धा कायदा इतका कळत नव्हता.”

 बायकोने शब्दकोशाचा गठ्ठा उचलला, लाल पेन कानामागे खोचलं आणि दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांचा दवाखाना घरालाच लागून होता. रुग्ण संपल्यावर ती त्या मागे रेलणाऱ्या खुर्चीत, तोंडावरच्या मोठ्या दिव्याखाली, पोटावर मुद्रितं ठेवून काम करू लागली. उशिरा आलेला एक रुग्ण दारातून डोकावला. खुर्चीतली बाई लाल पेनाने काहीतरी सपासप खोडतेय हे पाहून त्याची दाढ दुखायची आपोआप थांबली, आणि तो परत गेला. डॉक्टर सभ्य होते, म्हणून काही बोलले नाहीत. पण हे फार दिवस चालणार नाही हे त्यांच्या सभ्यपणावरूनच कळत होतं.

सल्ल्यांची कमतरता नव्हती. डॉक्टर म्हणाले, “मूळ शाबूत असेल तर वर कॅप बसवता येते,” आणि काचेचे तुकडे चिमट्याने उलटसुलट करून बघत बसले. बँक मॅनेजर म्हणाले, “अर्ज करा. नामंजूर झाला की अपील करा. अपिलात माणूस गुंतला की अंधाराचं काही वाटत नाही.” मास्तरांनी धीर करून दोघांकडेही दोन-चार जुने बल्ब उसने मागितले.

“मग उद्या मुदत वाढली नाही तर आम्ही काय जमा करायचं?” डॉक्टर म्हणाले.

“देतो की,” मॅनेजर म्हणाले. “तारण काय ठेवता?”

मास्तर जिना चढून वर आले. अंधारात खुर्ची शोधताना त्यांचा गुडघा टेबलाला लागला. सगळ्या इमारतीच्या खिडक्या पिवळ्या उजेडाने भरल्या होत्या. कायदा मोडणारा प्रत्येक जण आपापल्या घरात आरामात पेपर वाचत होता, आणि कायदा पाळणारा एकटा गुडघा चोळत होता. नागरिकशास्त्राच्या कुठल्याच धड्यात या परिस्थितीची सोय नव्हती. दारात बायकोची चाहूल लागली. चाचपडत ती आत आली आणि दमून भिंतीशी बसली.

“किती राहिलं?” मास्तरांनी विचारलं.

“‘प’ पर्यंत आलेय. डॉक्टरांनी उद्यापासून खुर्ची दुरुस्तीला देणार म्हणून सांगितलंय.”

ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. मास्तरांनी त्या क्षणी ठरवलं, की आता तत्त्व थोडं बाजूला सरकवायचं.

बाजाराच्या टोकाला एक दुकान होतं. भांड्यांपासून वायर-बटणांपर्यंत तिथे सगळं मिळे. मास्तर शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून, टोपी कपाळावर ओढून, मफलर तोंडाभोवती गुंडाळून दुपारच्या उन्हात तिथे गेले.

“या मास्तर,” दुकानदार म्हणाला.

“ओळखलंत कसं?”

दुकानदाराची नजर नकळत खाली शर्टाच्या बटणांवर गेली. “असंच,” तो म्हणाला.

मास्तरांनी घसा खाकरला. “पिवळे बल्ब आहेत?”

दुकानदाराने रस्त्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. “विकायला बंदी आहे.”

“माहीत आहे. मी मुलांना तेच शिकवतो.”

“मग कुकर घ्या.”

“कुकर आहे घरी.”

“मास्तर,” दुकानदार हळू आवाजात, एकेक शब्द तोडत म्हणाला, “मोठा, कुकर, घ्या.”

मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. बऱ्याच दिवसांत कुठेतरी पडला होता. त्यांनी कुकर घेतला. दुकानदार आत गेला आणि झाकण लावून, खोक्यात घालून, वर सुतळी बांधून कुकर घेऊन आला. उचलताना खोक्यातून बारीक किणकिण ऐकू आली. “पैसे कुकरचे,” दुकानदाराने बजावलं. “आत काय असेल त्याचा मी एक पैसा घेतलेला नाही.”

मास्तर रस्त्याने चालू लागले. जन्मात त्यांनी वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नव्हतं, आणि आज छातीशी बंदीचा माल धरून ते चालले होते. समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांना साध्या वेशातला पोलीस वाटत होता. खरे सरकारी लोक मात्र चौकात जीप उभी करून, गणवेश घालून, ऊस खात आरामात उभे होते. बंदीचे बल्ब पकडणारं हे नवंकोरं पथक होतं. त्यांना अजून काहीच सापडलं नव्हतं, त्यामुळे ते कंटाळले होते.

“खोक्यात काय?” त्यांच्यातल्या गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एकाने विचारलं.

“कुकर.”

“आणि कुकरमध्ये?”

इथे ‘काही नाही’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शिट्टीवाला अर्धा वळलाही होता. पण प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं, हे मास्तर इतकी वर्षं शिकवत आले होते.

“कुकरमध्ये तारेचे जुन्या पद्धतीचे बल्ब असून ते सर्व चालू स्थितीत आहेत,” मास्तर म्हणाले.

शिट्टीवाल्याने आनंदाने शिट्टी फुंकली.

जीप कार्यालयाकडे निघाली. रस्ता नेमका शाळेवरून जात होता आणि शाळा नेमकी सुटत होती. मागच्या बाकावर, दोन गणवेशांच्या मधे, मांडीवर कुकर घेऊन बसलेल्या मास्तरांना सगळ्या वर्गाने पाहिलं. कोणी हसलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण पोरं फाटकापाशी सावधान उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, “नमस्ते, सर!” मास्तरांनी कुकरवरचा एक हात उचलून ‘खाली बसा’ अशी खूण केली. दुसरं काय करणार?

कार्यालयातल्या साहेबांनी कुकर टेबलावर ठेवून घेतला. खिडकीतला कारकून पाटीसकट आत आला. “हे तेच, भावनावाले,” तो साहेबांच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“विक्रीसाठी नेत होतात?” साहेबांनी विचारलं.

“जमा करण्यासाठी. इथेच. तुमच्याकडेच.”

“पकडल्यावर सगळे असंच म्हणतात.”

“आजवर किती जण म्हणाले?”

साहेबांनी शिट्टीवाल्याकडे पाहिलं. शिट्टीवाल्याने खाली पाहिलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि मास्तरांची बायको आत आली. बातमी शाळेतून इमारतीत पोचायला फार वेळ लागला नव्हता. तिच्या कानामागे लाल पेन तसंच होतं. मागून आई आली, आणि आईला आधार द्यायच्या निमित्ताने दातांचे डॉक्टर आले. बँक मॅनेजर दारातच थांबले, म्हणजे प्रकरण बिघडलं तर निघता येईल.

“घरचे का? बरं झालं, तुम्हीही ऐका,” साहेब म्हणाले. त्यांनी खणातून हुकूम काढला आणि चष्मा लावून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘बंदी घातलेले बल्ब आढळल्यास ते जप्त करून कार्यालयात जमा करावेत.’ त्याप्रमाणे तुमचे बल्ब जप्त. आणि ऐका पुढे, नवे दिवे कोणाला द्यायचे ते. ‘कार्यालयात जमा झालेल्या प्रत्येक चालू बल्बामागे संबंधित कुटुंबास एक नवा दिवा देण्यात यावा.’ आता तुम्ही काही जमा केलेलं नाही, त्यामुळे…”

“पुन्हा वाचा,” बायको म्हणाली.

“काय?”

“शेवटचं वाक्य. पुन्हा वाचा बघू.”

साहेबांनी नाइलाजाने पुन्हा वाचलं. बायकोने कानामागचं पेन काढलं, आणि मास्तर एक पाऊल मागे सरकले, कारण हे पेन निघालं की कोणाचं काही खरं नसे.

“‘जमा केलेल्या’ नाही म्हटलेलं,” ती म्हणाली. “‘जमा झालेल्या’ म्हटलंय.”

“मग?”

“अहो, मग काय? ‘केलेल्या’ म्हटलं असतं तर कोणी केले, खुशीने केले की पकडून आणून केले, हे बघावं लागलं असतं. ‘झालेल्या’ म्हटल्यावर कोणी केले याचा प्रश्नच नाही. झाले की नाही एवढंच बघायचं. हे बल्ब कार्यालयात जमा झाले ना?”

साहेब कुकरकडे बघू लागले. “जप्त झाले.”

“आणि जप्त करून काय करावेत असं वाचलंत आत्ताच?”

“जमा,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता तितका खणखणीत राहिला नव्हता.

“मग झाले जमा. संबंधित कुटुंब समोर उभं आहे. मोजून घ्या.”

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ते घरात कलमं आणि पोटकलमं बोलत होते आणि ही बाई निमूट काना-मात्रा तपासत बसली होती. खरं राज्य कोणाच्या हातात होतं ते त्यांना आज कळलं. त्यांच्या अंगात एकदम बळ आलं.

“आणि साहेब, यात विक्री कुठे झालेलीच नाही,” ते म्हणाले. “मी कुकर विकत घेतला. बल्ब आत होते. त्यांचे पैसे कोणी मागितले नाहीत, मी दिले नाहीत. बंदी विक्रीवर आहे. हुकमात ‘देण्यास’ असा शब्द असेल तर वाचा.”

साहेबांनी हुकूम वरून खाली आणि मग खालून वर चाळला. “नाही,” ते म्हणाले.

“पण चालू आहेत का ते बघावं लागेल,” कारकून शेवटचा मोर्चा सांभाळत म्हणाला. त्याने पाटी पुढे ओढली, पहिला बल्ब लावला आणि बटण दाबलं. बल्ब पेटला. दुसराही पेटला. एकेक करत कुकर रिकामा होत चालला. त्या पिवळ्या उजेडात मास्तरांना किती दिवसांनी बायकोचा चेहरा नीट दिसला. ती दमली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ती हसू दाबत होती. शेवटचा बल्ब पेटला तेव्हा डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि बँक मॅनेजर दार सोडून आत आले.

साहेबांनी कारकुनाला जवळ बोलावलं. “आपल्या विभागात आजपर्यंत जुने बल्ब किती जमा झाले?”

“एकही नाही, साहेब. लोक येतच नाहीत.”

“आणि वरून विचारणा?”

“रोज येते.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते उभे राहिले, टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. “आमच्या विभागातले पहिले जागरूक नागरिक!” ते म्हणाले. हा शब्द मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना फळ्यावर लिहून दाखवला होता. आपल्याला तो कोणी म्हणेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी तो मनात एकदा घोकला आणि दिवे मोजून घ्यायला सुरुवात केली.

दिव्यांची खोकी हातात आल्यावर मास्तर दारापर्यंत गेले आणि वळले. “मला जीपमधून आणलंत,” ते म्हणाले. “जाताना चालत जायचं का?”

जीप परत निघाली. पुढे शिट्टीवाला, मागे मास्तर, बायको, आई, डॉक्टर, मॅनेजर, रिकामा कुकर आणि नवे दिवे. शाळेवरून नको, लांब पडेल, असं चालक म्हणाला. मास्तर म्हणाले, शाळेवरूनच न्या. मैदानावर खेळणारी पोरं फाटकाशी धावत आली. मास्तरांनी या वेळी दोन्ही हात हलवले. “वाजवा हो जरा,” आई शिट्टीवाल्याला म्हणाली, आणि त्याने वाजवली.

अंधार पडायच्या आत नवे दिवे लागले. घर असं लख्ख उजळलं की इमारतीतली माणसं अंगणात उभी राहून वर बघू लागली. बायकोने टेबल ओढलं आणि ‘प’ वरून पुढे सुटली. आठवडा संपायच्या आधी गठ्ठा छापखान्यात गेला आणि मालकांनी दुसरा खंडही तिच्याकडेच पाठवला. आईने मात्र त्या उजेडात घराचे चारही कोपरे न्याहाळले आणि म्हणाली, “अरे, इतकी जळमटं होती होय आपल्याकडे!” मास्तरांनी हसत हसत पुन्हा स्टूल काढलं.

मुदत वाढली नाही. हे कळलं त्या दिवशी सकाळीच मास्तरांच्या दाराशी रांग लागली. डॉक्टरांच्या हातात पिशवी होती, मॅनेजरांनी एकेक बल्ब रुमालात गुंडाळला होता, आणि शेजारच्या दोन इमारतींतली माणसंही आली होती. “मास्तर, तिथे बोलायचं कसं ते तुम्हाला माहीत,” डॉक्टर म्हणाले, “आणि वहिनींना म्हणावं, पेन घेऊन या.”

सगळे निघाले. पुढे मास्तर, शेजारी बायको आणि मागे ही एवढी मोठी वरात. प्रत्येकाच्या हातात जपून धरलेले बल्ब, त्यामुळे सगळेच कसे अलगद पावलं टाकत होते. कार्यालयाच्या कोपऱ्यावर वळताना खिडकीतल्या कारकुनाने त्यांना पाहिलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

“मास्तर, हे सगळे?”

“सगळे,” मास्तर म्हणाले. “आणि सगळे चालू.”

कारकुनाने मागे वळून कोणाला तरी हाक मारली. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मग त्याच्या शेजारची, कित्येक वर्षांत कोणी उघडलेली न पाहिलेली दुसरी खिडकी आतून एकदा धडकली, दोनदा धडकली, आणि धुळीचा लोट उडवत सताड उघडली.